शेवट कापलेला चित्रपट : ‘द गोल्डन कंपास’चे प्रकरण

डिसेंबर २००७मध्ये न्यू लाइन सिनेमा या अमेरिकी कंपनीने ‘द गोल्डन कंपास’ प्रदर्शित केला, तेव्हा त्याच्यामागे सुमारे १८ कोटी डॉलरचा खर्च, निकोल किडमन आणि डॅनिएल क्रेग यांच्यासारखे कलावंत आणि फिलिप पुलमन यांची जगभर वाचली गेलेली कादंबरी एवढे सगळे बळ उभे होते. तीन चित्रपटांची मालिका करायची, असा बेत होता. दुसरा चित्रपट कधी निघालाच नाही. अमेरिकेत पहिल्या चित्रपटाने जेमतेम ७ कोटी डॉलर मिळवले, आणि कादंबरी मनापासून वाचलेल्या प्रेक्षकांना त्यात आपली गोष्ट सापडली नाही.

या अपयशाची दोन स्पष्टीकरणे तेव्हापासून ऐकू येतात. काहींच्या मते धार्मिक संघटनांच्या बहिष्काराने चित्रपट बुडाला. काहींच्या मते निर्मात्यांनी त्या संघटनांना घाबरून कादंबरीतील धर्मसत्तेवरची टीका पातळ केली, म्हणून तो बुडाला. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. धर्माचा मुद्दा बाजूला ठेवूनही हा चित्रपट तितकाच फसलेला दिसतो, कारण त्यातून काढली गेलेली मुख्य गोष्ट वेगळीच आहे. कादंबरीत एका मुलीच्या धाडसाची किंमत दुसरे कोणीतरी मोजते. चित्रपटात ती किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. प्रस्तुत टिपणात हे कसे घडले आणि कोणकोणत्या निर्णयांमुळे घडले, एवढेच तपासले आहे.

मूळ कादंबरी १९९५मध्ये ब्रिटनमध्ये ‘नॉर्दर्न लाइट्स’ या नावाने प्रसिद्ध झाली; अमेरिकेतील आवृत्तीला ‘द गोल्डन कंपास’ हे नाव मिळाले आणि चित्रपटाने तेच उचलले. ‘हिज डार्क मटेरिअल्स’ या त्रिखंडात्मक रचनेचा हा पहिला भाग असून उरलेले दोन भाग १९९७ आणि २००० साली आले. पहिल्या भागाला बालसाहित्यासाठीचे ब्रिटनमधील कार्नेगी पदक मिळाले आणि त्या पदकाला सत्तर वर्षे झाल्यानिमित्त २००७मध्ये वाचकांनी आजवरच्या विजेत्यांतून सर्वोत्कृष्ट पुस्तक निवडले, तेव्हाही कौल याच कादंबरीला मिळाला. म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी पुस्तकाच्या मानमरातबावर शिक्कामोर्तब झाले होते.

कथेचा गाभा थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. लायरा ही ऑक्सफर्डच्या जॉर्डन कॉलेजात विद्वानांच्या देखरेखीखाली, पण खरे तर स्वतःच्याच मर्जीने वाढलेली मुलगी. तिच्या जगात माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो. त्याला डीमन म्हणतात. मुलांचे डीमन रूप बदलत राहतात आणि वयात येताना एका रूपात स्थिरावतात. मॅजिस्टेरियम ही धर्मसत्ता, ‘धूळ’ नावाच्या अगम्य द्रव्याला पाप समजून, उत्तरेत बोल्व्हांगर येथे मुलांना त्यांच्या डीमनपासून कापून वेगळे करण्याचे प्रयोग करते आहे. लायराचा मित्र, कॉलेजच्या स्वयंपाकघरात काम करणारा रॉजर, पळवला जातो आणि त्याला सोडवण्यासाठी ती उत्तरेकडे निघते. तिच्याजवळ अलेथिओमीटर आहे, खरे उत्तर देणारे पण वाचायला अतिशय कठीण असे यंत्र.

आता या कथेची कळ कुठे आहे ते पाहू. कादंबरीच्या दुसऱ्याच प्रकरणात कॉलेजचे प्रमुख ग्रंथपालाला सांगतात की या मुलीच्या हातून एक मोठा विश्वासघात होणार आहे, तो तिच्या नकळत व्हायला हवा आणि त्याचा अनुभव तिला भयंकर वाटेल. वाचक हे ऐकून पुढे सरकतो आणि विसरतो. लायरा रॉजरला बोल्व्हांगरमधून सोडवते, स्वालबार्डला अस्वलांच्या राजाला फसवून आपला अस्वल मित्र योरेक याला गादी मिळवून देते, आणि नंतर तिथेच नजरकैदेत असलेल्या लॉर्ड अ‍ॅझ्रिएलकडे, म्हणजे आपल्या वडिलांकडे, अलेथिओमीटर पोहोचवायला जाते. दार उघडल्यावर तिला पाहून अ‍ॅझ्रिएलचा चेहरा भीतीने विटतो. तिला आपण बोलावलेच नाही, ती परत जावी, असे तो ओरडतो. मग तिच्यामागून रॉजर पुढे येतो आणि त्याला पाहून अ‍ॅझ्रिएल शांत होतो. त्या शांत होण्याचा अर्थ लायराला रात्री कळतो. दुसऱ्या जगाकडे जाणारी वाट फोडायला लागणारी ऊर्जा मूल आणि त्याचा डीमन यांना तोडताना निर्माण होते; अ‍ॅझ्रिएलला एक मूल हवे होते आणि त्याच्या मुलीने ते आपल्या हाताने, एवढे मोठे अंतर तोडून, त्याच्या दारात आणून दिले होते. रॉजर मरतो. लायराने आपल्या हुशारीने जिंकलेली प्रत्येक लढाई त्याला त्या दारापर्यंत नेत होती, हे वाचकाला मागे वळून पाहिल्यावरच कळते.

चित्रपटात हे काहीही नाही. बोल्व्हांगरची लढाई संपते, लायरा आणि रॉजर त्यांचा वैमानिक मित्र ली स्कोर्सबी याच्या हवाई जहाजात बसून अ‍ॅझ्रिएलकडे जायला निघतात, लायरा आशेने पुढच्या दिवसांबद्दल बोलते आणि पडदा पडतो. ज्याने कादंबरी वाचलेली नाही त्याला हा शेवट सौम्य आणि अपुरा वाटतो. ज्याने वाचली आहे त्याला तो क्रूर विनोद वाटतो, कारण आनंदाने जहाजात बसलेला तो मुलगा कुठे चालला आहे हे त्याला ठाऊक असते.

हा शेवट लिहिला गेला नव्हता असे नाही. तो चित्रित झाला होता आणि त्यातील काही दृश्ये जाहिरातीच्या ट्रेलरमध्येही दिसली होती. प्रदर्शनाला सुमारे दोन महिने उरले असताना, ऑक्टोबर २००७मध्ये, दिग्दर्शक क्रिस वाइट्झ यांनी जाहीर केले की कादंबरीची शेवटची तीन प्रकरणे पुढच्या चित्रपटात जातील. पहिल्या चित्रपटाचा शेवट आश्वासक व्हावा आणि पुढच्याची सुरुवात दमदार व्हावी, असा युक्तिवाद त्यामागे होता. व्यापाराच्या हिशेबात तो बसतो. पण पुढचा चित्रपट पहिल्याच्या यशावर अवलंबून असताना पहिल्याचा कळस काढून पुढच्याच्या पायाला लावणे म्हणजे दोन्ही इमारती धोक्यात घालणे होते, आणि तसेच झाले.

मात्र सगळा दोष या एका कात्रीवर ढकलणे मला पटत नाही. शेवट कापता आला, कारण त्याआधीच्या जवळजवळ दोन तासांत तो शेवट अटळ करणाऱ्या गोष्टी एकेक करून सैल केल्या गेल्या होत्या.

पहिले उदाहरण अगदी सुरुवातीचे आहे. कादंबरीत लायरा विद्वानांच्या दालनात चोरून शिरते, आरामखुर्चीमागे लपते आणि तिथून पाहते की कॉलेजचे प्रमुख स्वतः अ‍ॅझ्रिएलसाठी ठेवलेल्या मद्यात विष मिसळत आहेत. हे तेच वृद्ध, सौजन्यशील गृहस्थ, ज्यांनी लायराला आसरा दिला आणि जे पुढे तिच्या हाती अलेथिओमीटर सोपवतात. त्यांना कॉलेज वाचवायचे आहे आणि त्यासाठी ते खून करायला तयार आहेत. पहिल्याच प्रकरणात वाचकाला अशी सूचना मिळते की या गोष्टीत चांगली माणसे भयंकर कामे करतील आणि भल्याबुऱ्याची ओळख चेहऱ्यावरून पटणार नाही. चित्रपटात विष मिसळतो मॅजिस्टेरियमचा दूत, फ्रा पॅव्हेल. पाहता क्षणी खलनायक वाटेल असाच तो आहे. बदल एका पात्राचा, वेळ एका मिनिटाची. पण ज्या जगात प्रमुखांसारखा माणूस विष घालू शकतो त्याच जगात अ‍ॅझ्रिएल रॉजरला मारू शकतो. दुष्टांनीच दुष्कृत्ये करायची, असा नियम एकदा घालून दिल्यावर, नायिकेच्या देखण्या आणि धाडसी बापाने एका स्वयंपाक्या पोराचा बळी देणे त्या चित्रपटाला झेपणारच नव्हते.

त्याही आधी, चित्रपट सुरू होताच, सेराफिना पेक्काला या चेटकिणीच्या आवाजात प्रेक्षकाला डीमन, धूळ, अनेक समांतर जगे आणि अलेथिओमीटर या सगळ्यांची माहिती दिली जाते. कादंबरीत डीमन म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगत नाही. तो पहिल्या वाक्यापासून लायराच्या सोबत असतो आणि वाचक हळूहळू, तिच्या वागण्यातून, त्यांचे नाते ओळखू लागतो. ‘धूळ’ हा शब्द लायरा त्याच दालनातल्या कपाटात लपून ऐकते तेव्हा त्याचा अर्थ तिलाही कळत नाही आणि वाचकालाही. अज्ञानात दोघे बरोबरीचे असतात, आणि लायराचे न कळणे हाच पुढच्या विश्वासघाताचा आधार आहे. प्रेक्षकाला आधीच सर्वज्ञ करून टाकल्यावर त्याने लायराबरोबर फसायचे कसे? ११३ मिनिटांत सुमारे चारशे पानांचे पुस्तक बसवायचे म्हणून असे निवेदन लागले, हा बचाव मी ऐकला आहे. तो अर्धवट खरा आहे. वेळ वाचवायला निवेदन वापरले, आणि वाचलेला वेळ पात्रांनी एकमेकांना तीच माहिती पुन्हा सांगण्यात घालवला.

तिसरे उदाहरण मला या प्रकरणातले सर्वांत बोलके वाटते. कादंबरीत लायरा एका ओसाड गावातील मासळीच्या खोपट्यात टोनी मकारिओस या मुलाला शोधून काढते. त्याचा डीमन, रॅटर, कापून टाकलेला आहे आणि तो मुलगा एक सुका मासा छातीशी घट्ट धरून बसला आहे, कारण हाताशी धरायला दुसरे काही उरलेले नाही. लायराला आधी किळस येते, भीती वाटते, आणि मग ती त्याला सोबत घेते. तो रात्रीत मरतो. सकाळी तिला कळते की कोणीतरी तो मासा काढून कुत्र्यांना घातला. तेव्हा ती मोठ्या माणसांवर पेटून उठते. कॉलेजच्या तळघरात मृत विद्वानांच्या कवट्यांमध्ये त्यांच्या डीमनची नाणी ठेवतात, हे तिने पाहिलेले असते. म्हणून ती एका सोन्याच्या नाण्यावर रॅटरचे नाव कोरते आणि त्या मुलाच्या दातांत ठेवते. दोन पानांत पुलमन यांनी डीमन तुटणे म्हणजे काय हे वाचकाच्या हाडांपर्यंत पोहोचवले आहे, आणि रॉजरच्या मरणाची तयारीही इथेच झाली आहे.

चित्रपटात टोनीच्या जागी बिली कोस्टा हा पळवलेला दुसरा मुलगा आहे. लायराला तो खोपट्यात थरथरत सापडतो, ती त्याला परत आणते, त्याची आई त्याला मिठीत घेते, लगेच हल्ला होतो आणि कथा पुढे पळते. त्याचे पुढे काय झाले हे चित्रपट सांगत नाही. पात्रे कमी करण्यासाठी दोन मुलांचे एक मूल करणे ही रूपांतराची रुळलेली आणि अनेकदा आवश्यक पद्धत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु मृत्यू, मासा आणि नाणे ही तिन्ही गेल्यावर उरते ती फक्त सुटकेची एक घटना. यानंतर बोल्व्हांगरच्या यंत्रात लायरा आणि तिचा डीमन पॅन्टलायमन यांना ठेवले जाते तेव्हा प्रेक्षकाला धोका कळतो, पण जाणवत नाही.

चौथा बदल क्रमाचा आहे. पुस्तकात आधी बोल्व्हांगर, मग स्वालबार्ड, मग अ‍ॅझ्रिएल. चित्रपटाने अस्वलांचे द्वंद्व आधी आणले आणि बोल्व्हांगरची लढाई शेवटी ठेवली, म्हणजे सैन्य, चेटकिणी आणि जिप्शियन हे बोटींवर राहणारे लोक यांचा गदारोळ कळसाच्या जागी आला. तीन वर्षे लागोपाठ ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ काढून मालामाल झालेल्या कंपनीला शेवटी मोठी लढाई हवीशी वाटावी, यात नवल नाही. पण पुस्तकातील क्रम लायराचा आत्मविश्वास पायरीपायरीने चढवत नेतो. योरेकने तिला एकदा समजावलेले असते की अस्वलाला फसवता येत नाही; तरी ती राजाला फसवते, कारण त्या राजाला माणूस व्हायचे आहे आणि म्हणून तो माणसासारखा फसतो. यानंतर जगात आपल्याला न जमणारे काही नाही, असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. त्या शिखरावरून ती थेट बापाच्या दारात येते. चित्रपटात द्वंद्व उत्तम उतरले आहे, एवढे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे; राजाचा खालचा जबडा उडतो ते दृश्य निर्मात्यांनी पातळ केलेले नाही. पण मधल्या टप्प्यावर आल्यामुळे ते केवळ एक रोमांचक प्रसंग होऊन राहते.

हे सगळे एका माणसाच्या हट्टाने किंवा अडाणीपणाने झाले असते तर प्रकरण सोपे होते. वाइट्झ हे पुस्तकाचे खरे चाहते होते. टॉम स्टॉपर्ड यांनी लिहिलेला आधीचा मसुदा बाजूला ठेवून त्यांनी स्वतः पटकथा लिहिली, २००४च्या अखेरीस एवढ्या मोठ्या तांत्रिक कामाचा भार पेलणार नाही म्हणून ते बाजूला झाले, त्यांच्या जागी आलेले आनंद टकर २००६मध्ये मतभेदांमुळे सोडून गेले, आणि वाइट्झ परत आले. योरेकचा आवाज आधी नोन्सो अनोझी यांचा होता. तो ऐन शेवटी बदलून इयन मॅकेलन यांना घेण्यात आले. मॅकेलन मोठे नट आहेत आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रेक्षकाच्या ओळखीचेही. या एका बदलावरून निर्णय कोणत्या दिशेने वाहत होते ते दिसते.

धर्माच्या बाबतीत निर्मात्यांची अवस्था तेलही गेले, तूपही गेले अशी झाली. कादंबरीत पोपची गादी जिनिव्हाला हलवणारा जॉन कॅल्विन आहे, आदम-हव्वेच्या कथेचे बदललेले रूप आहे, चर्च हा शब्द उघड आहे. चित्रपटात मॅजिस्टेरियम ही एक मोघम हुकूमशाही संस्था झाली, आणि मुले पळवण्यामागची सूत्रधार मिसेस कोल्टर (किडमन) पूर्वजांनी केलेल्या कोणत्यातरी जुन्या चुकीबद्दल बोलते. तरीही अमेरिकेतील कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिलीच. त्यांचा युक्तिवाद असा की सौम्य चित्रपट पाहून मुले पुस्तकांकडे वळतील आणि पुस्तके सौम्य नाहीत. म्हणजे चित्रपट जितका पचायला हलका तितका त्यांच्या दृष्टीने घातक, आणि या तर्काला कापाकापीने उत्तर देताच येत नव्हते. दुसरीकडे ब्रिटनमधील नॅशनल सेक्युलर सोसायटीने पुस्तकाचा कणा काढल्याबद्दल टीका केली.

पैशाचा हिशेब आणखी विचित्र आहे. अमेरिकेबाहेर चित्रपटाने सुमारे ३० कोटी डॉलर मिळवले. एकूण आकडा ३७ कोटींच्या पुढे गेला. परदेशांत तो पडला नाही. मात्र खर्च उभा करण्यासाठी न्यू लाइनने परदेशांतील हक्क आधीच विकून टाकले होते, त्यामुळे जिथे पैसा आला तिथला मोठा वाटा दुसऱ्यांचा होता आणि जिथे कंपनीचा हक्क होता तिथे प्रेक्षक फिरकला नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ला मागे टाकून या चित्रपटाने दृश्यपरिणामांचे ऑस्कर पटकावले. चारच दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, न्यू लाइनचे स्वतंत्र अस्तित्व संपवून ती वॉर्नर ब्रदर्समध्ये विलीन करण्याची घोषणा टाइम वॉर्नर या मालक कंपनीने केली. हे सर्वस्वी एकाच चित्रपटामुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पुढच्या भागांची वाट तिथेच बंद झाली, आणि पुढच्या भागासाठी राखून ठेवलेला रॉजरचा मृत्यूही तिथेच अडकला.

ऑस्कर गैरलागू होते असे कोणी म्हणणार नाही. अस्वले वजनदार आहेत, कोल्टरचे सोनेरी माकड भयंकर आहे, आणि किडमन यांनी त्या बाईचा थंड गोडवा इतका नेमका पकडला की पडद्यावर ती असेपर्यंत चित्रपट पुस्तकाच्या जवळ जातो. डकोटा ब्ल्यू रिचर्ड्‌स ही नवखी मुलगी लायराचा उर्मटपणा सहज आणते. दोष कारागिरीचा नव्हता.

रंगभूमीवर निकोलस हाइटनर यांनी २००३च्या अखेरीस लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये तिन्ही पुस्तके दोन भागांच्या, सुमारे सहा तासांच्या नाटकात मांडली होती, म्हणजे हे साहित्य उतरवता येत नाही हा समज तेव्हाच खोटा ठरला होता. पुढे बीबीसी आणि एचबीओ यांनी २०१९पासून तीन हंगामांची मालिका केली. तिच्यातही उणिवा आहेत. रस्त्यांवरच्या गर्दीत डीमन फारच थोडे दिसतात, आणि आत्मा शरीराबाहेर असलेल्या जगात ते खटकते. पण पहिला हंगाम आठ भागांचा आहे आणि तो अ‍ॅझ्रिएलच्या दारातून जाऊन रॉजरच्या मृत्यूवरच थांबतो. मालिकाकारांना पुढचा हंगाम मिळवायचा नव्हता असे नाही. त्यांनी प्रेक्षकाला धक्का देऊन परत बोलावण्याचा मार्ग निवडला.

वाइट्झ यांच्या मनातली, शेवटासह असलेली लांब आवृत्ती कधीतरी बाहेर यावी, अशी इच्छा अनेक चाहते आजही व्यक्त करतात. ती आली तर कुतूहलाने पाहावी लागेल. परंतु कापलेली दृश्ये परत जोडली तरी विष फ्रा पॅव्हेलच्याच हातात राहील, सेराफिना सगळे आधीच सांगून टाकेल आणि बिली कोस्टाच्या हातात मासा नसेल. अशा चित्रपटाच्या अखेरीस रॉजर मेला, तर प्रेक्षकाला तो कथेने जवळ आणलेला मृत्यू वाटणार नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी चित्रपटातून आलेला वाटेल.